पोटाचा निरोप

पचनाचा कारभार मज्जातंतू चालवतात, हे इव्हान पावलोव्ह यांनी रशियात प्रयोगांच्या बळावर ठामपणे मांडले होते. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या मताला हादरा दिला. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू त्यांनी तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि त्या भागात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात खलून, गाळून तो अर्क शिरेत टोचला, परिणाम तोच. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि अशा रसायनदूतांसाठी १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. रसायनाने मज्जातंतूवर मात केली, अशीच ही कथा बहुधा सांगितली जाते. स्वादुपिंडापुरती ती पटतेही. भूक आणि स्मृती यांचा पुढचा इतिहास पाहिला, की मात्र हे दोघे प्रतिस्पर्धी नव्हेत, एकाच निरोपाचे वाहक आहेत, असे म्हणावे लागते.

१९७३ मध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी दाखवले, की आतड्यातले कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन टोचल्यावर उंदीर कमी खातात. पारडे पुन्हा रसायनाकडे झुकले. पण १९८१ मध्ये उंदरांच्या पोटाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू कापल्यावर हाच परिणाम मावळला. रसायन बोलत होते, पण मेंदूपर्यंत ते पोचवत होता मज्जातंतू. १९८७ मध्ये फ्लड, स्मिथ आणि मॉर्ली यांना आढळले, की काही शिकवल्यावर लगेच खायला मिळालेल्या उंदरांना ते अधिक चांगले आठवते. कोलेसिस्टोकायनिन टोचूनही स्मरण सुधारते, आणि व्हेगस कापला की तो लाभ उरत नाही.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आपली भूक वेळ, सवय आणि पंगतीतली सोबत यांनीही ठरते. शिवाय हे हॉर्मोन प्रत्येक जेवणाला दिले, तर उंदीर थोडे थोडे पण अधिक वेळा खाऊन भरपाई करतात. म्हणून एकच रसायन भुकेचे नियंत्रण करते, असा दावा टिकत नाही. पण सवय म्हणजे तरी स्मृतीच. खुणेवर लाळ गाळणाऱ्या पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनी स्मृती पचनाला जागवते हे दाखवले. भरल्या पोटाच्या उंदरांनी पोटही स्मृतीला बळ देते हे दाखवले. अन्न कुठे मिळाले हे लक्षात राहणे हा प्राण्याच्या जगण्याचा प्रश्न आहे, म्हणून या दोन वाटा एकमेकींत गुंतलेल्या असणे स्वाभाविक वाटते.