दिवे गेल्यावर फलक काय सांगतो?

मंडळी, मोहोपाड्यात येऊन स्मार्ट सिटीच्या फलकांवर बोलायचं, म्हणून काहींना हसू येईल. पण सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. अलिबागजवळ आक्षीला एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा. शिलाहार राजा केसीदेवाच्या काळात देवीला दिलेल्या दानाची ती जाहीर नोंद. म्हणजे सार्वजनिक सूचनाफलकच! ना वीज, ना तेल. उणीव एकच, मजकूर बदलता येत नाही.

दवंडीचं नेमकं उलट. मजकूर रोज नवा, पण आवाज विरला की सूचना संपली. खडूचा फळा टिकतो आणि बदलतोही, पण बदलायला माणूस तिथे जावा लागतो. स्टेशनवरचा एलईडी इंडिकेटर दुरून बदलतो, मात्र वीज गेली की काळा.

इलेक्ट्रॉनिक कागदानं ही कोंडी फोडली. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी पहिले प्रयोग केले. पुढे एमआयटीतल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक कंपनी निघाली. तिची युक्ती अशी: केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यांत द्रव, आणि त्यात विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात; वीज काढली तरी तिथेच राहतात. खर्च फक्त अक्षर बदलताना. वाचायचं बाहेरच्या उजेडात. रात्री तेवढा छोटा दिवा लागतो. म्हणून लहानसं सौरपॅनेलही पुरतं. बॉस्टनच्या ट्राम थांब्यांवर असे फलक लागले आहेत.

आपल्याकडे स्मार्ट सिटी अभियान २०१५ साली सुरू झालं, ते शहरांसाठी. पण पावसाळ्यात वीज जाते आणि नेमकी तेव्हाच पाताळगंगेच्या पाण्याची खबर हवी असते, ती इथे. मग असा फलक आधी कुठे लागायला हवा?

मात्र एक सावधगिरी. विझलेला इंडिकेटर निदान ‘मला माहीत नाही’ असं तरी सांगतो. हा कागद संपर्क तुटला तरी कालचंच वाक्य शांतपणे दाखवत राहील. ‘पाणी ओसरले’ हे काल खरं होतं. आज त्यावर विसंबून कुणी पुलावर गेला तर? टिकणं म्हणजे खरं असणं नव्हे. म्हणून प्रत्येक सूचनेसोबत ती कधी लिहिली ती वेळ ठळक हवी. आक्षीच्या दगडावरही, बघा, शक कोरलेला आहे.