पवनचक्कीच्या वरचा वारा

साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठार असो की आमच्या सांगलीकडचं ढालगाव, वाऱ्याचा विषय निघाला की गाडी पवनचक्क्यांवर येते. मागे दुष्काळात ‘ही पाती ढग पळवतात’ अशी ओरड गावोगाव झाली होती. पाती फिरणार जमिनीपासून शंभरेक मीटरवर, ढग त्याच्या कितीतरी वर! पण पारावर हिशेब कोण मांडतो?

खरा उंचावरचा वारा मोजला जात होता कोल्हापुरात. 1999 मध्ये शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा रडार सुरू झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर ही तिन्ही या विद्यापीठाची. तरी माझ्या फिजिक्सच्या वर्गात कुणाला त्याचा पत्ता नसे.

हा वारा ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा; तिथे फुगा पोचत नाही, उपग्रह टिकत नाही. ध्रुवाकडच्या देशांची आयती सोय होती. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर तिथे रुपेरी ढग चमकतात. 1885 नंतर बर्लिनच्या ओटो येसेने फोटोंवरून त्यांची उंची 82 किलोमीटर काढली; ढग सरकले की वारा कळे. सतराव्या अक्षांशावरच्या आपल्याला ते कुठले दिसायला? 21 नोव्हेंबर 1963 ला थुंबाहून उडालेल्या रॉकेटने सोडियमची वाफ सोडली, तीही वारा बघायलाच. थुंबाची जागा निवडणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. पण रॉकेटने कळतो तो एका संध्याकाळचा वारा.

रोजच्या मोजणीची रेडिओची युक्ती एस. एन. मित्रा यांनी 1949 मध्ये केंब्रिजमधून मांडली. कोल्हापूरचा रडार त्याच वाटेचा. 1.98 मेगाहर्ट्झची लहर वर जाते, विरळ इलेक्ट्रॉनांवरून थोडी परतते. परतलेल्या लहरींची कमीजास्त नक्षी, ढगाची सावली रानांवरून सरकावी तशी, तीन अँटेनांवरून सरकते. कुठल्या अँटेनावर किती उशिरा पोचली, यावरून वेग निघतो. गंमत अशी, की नक्षी वाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळते. उत्तराला दोनने भागायचं! दिवसा साठ किलोमीटरपासूनचे प्रतिध्वनी मिळतात. रात्री खालचे इलेक्ट्रॉन ओसरतात, मग ऐंशीच्या वरचेच.

आपल्याकडे त्या उंचीवर वाऱ्याची भरती-ओहोटी मुख्यतः चोवीस तासांची, ध्रुवांकडे बारा तासांची. म्हणून नुसत्या नॉर्वे-अंटार्क्टिकाच्या नोंदींवर भागत नाही, कोल्हापूरच्याही लागतात.

प्राध्यापक मित्रांनो, पोरांची सहल चाळकेवाडीला जरूर न्या. परतल्यावर फळ्यावर तीन अँटेना काढा आणि हे गणित सोडवून घ्या, बी.एस्सी.च्या पोरांना ते सहज जमतं.