वाटीसारख्या पानांची साक्ष

सोयाबीनचे पान कडांनी वर वळून वाटीसारखे झाले, तर त्याला रोग झाला असेल असे आपण म्हणू. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०१६ नंतर शेतकरी आधी शेजारच्या शेताकडे पाहू लागले.

या प्रकरणाचे मूळ एका तणात आहे. पामर अमरॅन्थ हे आपल्या माठ-राजगिऱ्याचे भावंड. १९९६ पासून तिथे ग्लायफोसेट सोसणारे सोयाबीन आले, आणि वर्षानुवर्षे तेच एक तणनाशक फवारले गेले. २००५ मध्ये जॉर्जियात या तणाने ग्लायफोसेटला दाद देणे सोडले. मग मोन्सॅन्टो कंपनीने डायकांबा हे जुने तणनाशक पुढे केले आणि ते सोसणारे बियाणे तयार केले.

डायकांबा वनस्पतीतल्या ऑक्झिन या संप्रेरकाची नक्कल करते. साध्या सोयाबीनला त्याचा लवलेशही पुरतो. शिवाय ते एका जागी राहत नाही. फवाऱ्याचे थेंब वाऱ्याने वाहतात हे सर्वांना ठाऊक असते. पण पानावर बसलेल्या डायकांबाची उन्हात वाफही होते. भूगोलात आपण 'तापमानाची विपरीतता' शिकवतो. संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, की ही वाफ वर न जाता शेताशेतांवरून आडवी सरकते. म्हणूनच वारा ताशी सुमारे १६ किलोमीटरपेक्षा जास्त असताना फवारू नये, तसा ५ पेक्षा कमी असतानाही फवारू नये, असे डब्यावरच्या सूचनेत छापावे लागले. पडलेला वारा सुरक्षित वाटतो, तोच घातक!

बियाणे २०१६ मध्ये विक्रीला आले, उभ्या पिकावर फवारायच्या डायकांबाला परवानगी मिळाली नोव्हेंबरात. मधल्या हंगामात अनेकांनी जुनेच द्रावण बेकायदा फवारले. आर्कान्सात त्यासाठी दंड होता जास्तीत जास्त १,००० डॉलर. मोठ्या शेतकऱ्याला ती खर्चाची आणखी एक बाब, असेच म्हणावे लागेल. पुढच्या वर्षी तो २५,००० डॉलरपर्यंत वाढवला.

तक्रार करणे मात्र सोपे नव्हते. पाने वळायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर कोणी, कधी फवारले हे कसे सांगणार? आणि तक्रार करायची ती शेजाऱ्याविरुद्ध. ऑक्टोबर २०१६ मध्ये अशाच भांडणात एका शेतकऱ्याचा गोळी लागून मृत्यू झाला. तरीही २०१७ मध्ये, परवानगी मिळालेले नवे, कमी उडणारे द्रावण वापरात असताना, आर्कान्सात सुमारे १,००० तक्रारी आल्या. राज्याने जुलैतच फवारणी थांबवली.

जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने केंद्रीय पर्यावरण संस्थेची परवानगी रद्द केली. तक्रारी प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा कमीच होत्या हे पुराव्यांवरून दिसत असताना संस्थेने ते मान्य केले नाही, हे त्यामागचे एक कारण होते. कडक अटींसह परवानगी पुन्हा मिळाली. २०२१ च्या हंगामात सुमारे ३,५०० तक्रारी नोंदल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲरिझोनातील न्यायालयाने तीही परवानगी रद्द केली.