छातीचा फोटो गावापर्यंत कसा आला

मंडळी, आपल्याकडे दवाखान्यातून परत आलेला माणूस एक्स-रे म्हणत नाही, ‘छातीचा फोटो काढायला सांगितला’ म्हणतो. बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावातून त्यासाठी तुमसर नाही तर भंडारा गाठायचं, हा नेहमीचा हिशेब. पण एके काळी यंत्रच गाडीत बसून देशातल्या खेड्यांत फिरलं होतं. आज ती गोष्ट सांगतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रॉन्टगेन यांना हे किरण सापडले. फोटोत हवेनं भरलेलं फुप्फुस काळं दिसतं आणि दाट झालेला भाग पांढरा. पण मोठी फिल्म महाग पडायची. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊ यांनी चमकत्या पडद्यावरचं चित्र छोट्या फिल्मवर टिपायची युक्ती काढली, आणि शेकडो लोकांची तपासणी थोड्या खर्चात होऊ लागली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९५५ ते १९५८ या काळात याच पद्धतीनं क्षयरोगाची देशव्यापी पाहणी केली. तोवर समजूत अशी की, टीबी गिरणीतल्या, चाळीतल्या माणसाला होतो. खेड्यात काय, मोकळी हवा! पाहणीत खेड्यांतही तो जवळपास शहराइतकाच निघाला. दुसरी गोष्टही दिसली. हजारामागे साधारण १५ जणांच्या फोटोत क्षयाची शंका होती, पण थुंकीत जंतू सापडले साधारण चौघांच्याच.

मग बाकीचे कोण? कुणाचा डाग जुना, बरा झालेला. कुणाला दुसराच आजार. कुणाचा रोग अजून जंतू सापडण्याइतका वाढलेला नव्हता.

म्हणून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गावपातळीवर भर थुंकीच्या तपासणीवर दिला गेला. ते बरोबरच होतं. सूक्ष्मदर्शक आरशावर उन्हाची तिरीप घेऊनही चालतो. एक्स-रेला वीज लागते, तंत्रज्ञ लागतो. पण त्यात खोकला नसलेला रुग्ण सुटत राहिला. किती? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत थुंकीतून टीबी पक्का झालेल्यांपैकी ४२.६ टक्के लोक एक्स-रे काढला नसता तर हाती लागलेच नसते. डिसेंबर २०२४ मध्ये देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रंही कामाला लावली गेली. म्हणजे बघा, यंत्र पुन्हा खेड्याकडे वळलं.

आता आपल्या भागाचं बोलू. चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आपल्याच तालुक्यातल्या. दगड फोडताना सिलिकाची धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. त्याचे डाग फोटोत टीबीसारखे दिसू शकतात. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोकाही जास्त. टीबीला औषध आहे, सिलिकोसिस बरा होत नाही. पण तो कायद्यानं नुकसानभरपाईस पात्र असा कामाचा आजार आहे. कागदावर नुसतं ‘टीबी’ पडलं, तर कामगाराचा तो हक्कही जातो.

तेव्हा गावात फोटो काढणारे आले तर जरूर जा, खोकला नसला तरी जा. डाग निघाला तर थुंकी तपासायला सांगा. आणि खाणीत किती वर्षं काढली, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. तेवढं फोटोत दिसत नाही.