रबरचालित विमान-प्रतिकृती

पिळलेल्या रबरी पट्टीत साठविलेल्या ऊर्जेवर उडणारे लहान विमान. आल्फाँस पेनो (१८५०–८०) या फ्रेंच संशोधकाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात असे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मी. उडविले. शेपटीच्या लहान पृष्ठामुळे ते हवेत आपोआप तोल सावरी. या प्रयोगाचे खरे महत्त्व वेगापेक्षा या स्थैर्यात आहे. पूर्णाकृती विमानासाठी मात्र पेनोला भांडवल मिळाले नाही आणि वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्याच धर्तीचे रबरचालित उडते खेळणे १८७८ मध्ये लहानग्या राइट बंधूंना वडिलांनी आणून दिले होते. पुढे सांगाड्यासाठी दक्षिण अमेरिकेतील अतिशय हलके बाल्सा लाकूड रूढ झाले. खऱ्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करताना शेपटीचे पृष्ठ व पंखा पुष्कळदा प्रमाणाहून मोठे ठेवावे लागतात. अन्यथा उड्डाण स्थिर होत नाही.