उकिरड्याचा इतिहास आणि आपली परसबाग

माळी म्हटला की लोकांस फुले आठवतात, भाजीपाला आठवतो, फार तर मोट आणि पाट आठवतो. उकिरडा मात्र कोणासही आठवत नाही. वस्तुतः आपल्या ज्ञातीच्या साऱ्या वैभवाचा पाया त्याच उपेक्षित जागी घातला गेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे तेराव्या शतकात होऊन गेलेल्या संत सावता महाराजांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, असे आपण अभिमानाने सांगतो. तो मळा ज्या खतावर पोसला गेला असेल, त्याची आठवण आपण काढीत नाही. ही उणीव प्रस्तुत लेखात आमच्या अल्पमतीप्रमाणे भरून काढावी, असा आमचा हेतू आहे.

आमच्या नाचणगावचेच उदाहरण घेऊ. पुलगावाला लागून असलेले, देवळी तालुक्यातील हे जुने गाव. जमीन काळी व कसदार, परंतु पावसाळ्यात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शेतात कापूस पिकतो. कापसाने पैसा येतो, पण ताटात भाजी येत नाही. ती येत असे परसातून. न्हाणीच्या पाण्यावर चमकोरा, कुंपणावर वालाचा वेल, छपरावर दोडका आणि कोहळे, कोपऱ्यात मुनगा, विहिरीपाशी गोडनिंब व हेटी, आणि दाराशी सांभाराचा लहानसा वाफा, असे परस आमच्या लहानपणी घरोघरी असत. आणि परसाच्या टोकाशी उकिरडा असे. चुलीची राख, गोठ्यातील शेण, गोमूत्राने भिजलेली माती, जनावरांनी टाकलेला कडबा, भाज्यांची देठे हे सर्व रोज सकाळी आमच्या माता-भगिनी तेथे नेऊन टाकीत. 'सेंद्रिय' हा शब्द त्यांस ठाऊक नव्हता; पण खत कुजले की नाही, हे त्या हाताच्या स्पर्शाने आणि वासाने ओळखीत.

जमिनीचा कस कोठून येतो आणि कोठे जातो, हा प्रश्न आपल्याच समाजातील एका महापुरुषाने फार पूर्वी विचारला होता. फुलांच्या व्यवसायावरून ज्यांच्या घराण्यास 'फुले' हे नाव पडले, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. डोंगरावरील कुजलेला पालापाचोळा आणि चरणाऱ्या जनावरांचे मलमूत्र पहिल्या पावसाबरोबर वाहत येऊन खालच्या शेतांस मिळत असे. सरकारी जंगलखात्याने ती राने बंद केल्यामुळे शेते नापीक होत चालली, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. पाणी व गाळ अडविण्यासाठी ताली-बंधारे बांधावेत, हा उपायही सुचविला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा एक धागा मातीच्या दारिद्र्याशी जुळलेला आहे, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले होते.

पुढील अध्याय इंदूर येथे घडला. १९२४ साली तेथे वनस्पतिविषयक संशोधनाची एक संस्था निघाली आणि तिचे प्रमुख सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओलावा राखावयाचा, तीन वेळा ढीग उलथावयाचा, म्हणजे तीन महिन्यांत खत तयार होते, अशी ही पद्धत. हॉवर्डसाहेबांस आज जग सेंद्रिय शेतीच्या जनकांपैकी एक मानते. परंतु १९३१ साली या पद्धतीवर जो ग्रंथ निघाला, त्यावर यशवंत वाड हे दुसरे नावही आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. येथील शेतकऱ्यांस आपण आपले गुरू मानले, असे हॉवर्डसाहेब स्वतःच म्हणत. म्हणजे जी विद्या परदेशाची म्हणून आज आपल्याकडे परत येत आहे, तिच्या बीजाचा काही भाग आपल्याच उकिरड्यातून गेलेला आहे.

१९३५ च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास गेले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी 'हरिजन' पत्रातून या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा त्यांचा मुक्काम आपल्या वर्ध्यास, मगनवाडीत होता. जमनालालजी बजाज यांनी ग्रामोद्योग संघाच्या कार्यासाठी दिलेला हा बगीचा. तेथून गांधीजींचे सहकारी सकाळी बादल्या घेऊन जवळच्या सिंदी गावी जात व लोकांनी रस्त्यावर केलेली घाण उचलीत. पुढे १९४६ पासून विनोबाजी खांद्यावर फावडे टाकून पवनारहून सुरगावास भंगीकामासाठी रोज पायी जाऊ लागले आणि दीड वर्षाहून अधिक काळ तो क्रम त्यांनी मोडला नाही. १९५० साली पवनारच्या आश्रमात त्यांनी बैलाविना व पैशाविना शेतीचा प्रयोग आरंभिला, तोही प्रथम भाजीपाल्यापासूनच.

या थोर पुरुषांनी घाणीस हात का लावला? खताची पद्धत तर एका पत्रकातही सांगता आली असती. आमच्या मते त्यांस खरी अडचण निराळीच दिसली होती. आपल्या देशात खताची वाण नव्हती. वाण होती ती घाणीस हात लावणाऱ्या हातांच्या प्रतिष्ठेची. जो कचरा उचलतो तो हलका आणि जो तो करतो तो श्रेष्ठ, असा उफराटा न्याय येथे शतकानुशतके चालत आला. काही बांधवांच्या माथी तर ते काम जन्मानेच मारले गेले. तिटकारा कचऱ्याचा नव्हता, माणसाचा होता. आणि त्या पापाची शिक्षा मातीलाही भोगावी लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सिंद्री येथील कारखान्यात रासायनिक खताचे उत्पादन सुरू झाले. वाढत्या लोकसंख्येस अन्न पुरविण्यात या खतांचा वाटा मोठा आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु पांढऱ्याशुभ्र दाण्यांची गोणी घरात आली आणि उकिरडा हे अडाणीपणाचे लक्षण ठरले. शिकलेल्या मुलास शेणाचा हात लाजिरवाणा वाटू लागला. परसात फरशी बसली, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी गावाला भाजी पुरविली, त्यांच्याच घरी बाजारातून भाजी येऊ लागली.

अशा काळात मार्ग दाखविला तो शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही पद्धत 'नाडेप' म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, हवा खेळावी म्हणून भिंतींस भोके. आत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि १,७५० किलो कोरडी चाळलेली माती यांचे थर, वर शेणमातीचा लेप. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे या पद्धतीचे मर्म होय. गोठे रिकामे होत चाललेल्या आपल्या गावांस ती जणू वरदानच आहे.

घरच्या बागेसाठी एवढ्या मोठ्या टाक्याचीही गरज नाही. भोके पाडलेले जुने पिंप किंवा दीड हात खोल खड्डा पुरे. एक थर वाळल्या पाल्याचा, एक भाज्यांच्या सालींचा, वर शेणकाल्याचा शिडकावा आणि मूठभर माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. प्लास्टिक, काच व तेलकट अन्न त्यात जाऊ देऊ नये. खत काळसर, भुसभुशीत झाले आणि त्यास पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला, म्हणजे ते पिकले असे समजावे. अर्धवट कुजलेले खत घालू नये. त्याने हुमणी व वाळवी येते. आपल्या काळ्या मातीत वाफे थोडे उंच करावेत, म्हणजे पावसाचे पाणी मुळांशी साचत नाही. मोकळी जमीन पाल्याने झाकावी, म्हणजे उन्हाळ्यात ती भेगाळत नाही. मावा पडल्यास अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि गाळून, एकंदर दहा लिटर पाणी करून फवाराव्यात.

हे सर्व सांगताना आम्ही नवे काही सांगत आहोत, असा आमचा दावा नाही. ज्या घरांत आजी हयात आहे, त्या घरांतील मुलांनी हे प्रश्न प्रथम तिलाच विचारावेत: कोणत्या झाडाचा पाला लवकर कुजतो, वालाचे बी केव्हा लावावे, राख कोणत्या वेलास मानवते. ही विद्या कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही; ती धारण करणाऱ्या स्त्रियांची नावेही कोठे लिहिलेली नाहीत. त्या गेल्या की ती विद्याही जाईल, आणि मग पैसे देऊनही ती परत मिळणार नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती आहे की, येत्या मृगापूर्वी प्रत्येकाने आपल्या दारी खताचा एक खड्डा करावा आणि त्यात पहिली टोपली घरातील सर्वांत अधिक शिकलेल्या माणसाने टाकावी. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपले पूर्वज म्हणत. आपण मनातील लाज तेवढी टाकून दिली, तर बारा वर्षे वाट पाहावी लागणार नाही. तीन महिने पुरेसे होतील.