सोवळ्यातला डॉलर

७ नोव्हेंबर २००९, शनिवारची रात्र. तुम्ही वॉशिंग्टनमध्ये, प्रतिनिधीगृहाच्या सज्जात बसला आहात. मोबाइल खालीच जमा करून घेतलाय, त्यामुळे हाताला चाळा नाही. समोरच्या भिंतीवर सभासदांची नावं आणि त्यांच्यापुढे हिरवे-लाल ठिपके.

ओबामांचं आरोग्य विमा विधेयक पणाला लागलंय, पण मतदान सुरू आहे ते मिशिगनच्या बार्ट स्टुपॅक यांच्या दुरुस्तीवर. गृहस्थ ओबामांच्याच पक्षाचे, डेमोक्रॅट. म्हणणं एवढंच, की सरकारी अनुदानाचा पैसा लागलेल्या पॉलिसीत गर्भपाताचा खर्च नको. अपवाद तीन: बलात्कार, रक्ताच्या नात्यातला संबंध आणि आईच्या जिवाला धोका. बाकीच्यांनी हवं तर पदरच्या पैशानं वेगळा विमा घ्यावा. (नको असलेल्या गर्भाची तजवीज कोण आगाऊ करून ठेवतं?) आकडा झळकतो: २४० विरुद्ध १९४. त्यात ६४ डेमोक्रॅट. मग मूळ विधेयक २२० विरुद्ध २१५ नं कसंबसं तरतं. ही दुरुस्ती नसती तर ते बुडालंच असतं, हे सभागृहात सगळे जाणून आहेत.

याचं मूळ बघायला १९७६ मध्ये उतरा. गर्भपाताचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं देऊन जेमतेम तीन वर्षं झालीत. इलिनॉयचे नवखे सभासद हेन्री हाइड खर्चाच्या विधेयकाला एक अट चिकटवतात: गरिबांच्या मेडिकेडमधून गर्भपाताला केंद्राचा पैसा नाही. १९८० मध्ये न्यायालय ५ विरुद्ध ४ नं म्हणतं, अट वैध. हक्क आहे, पण सरकारनं पैसे मोजलेच पाहिजेत असं नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याच्या हक्काचं काय, ते तुम्हीच ठरवा.

आता परत सज्जात या. २१ मार्च २०१०, रविवार, रात्र. सिनेटनं स्टुपॅकचे शब्द बदलून पळवाट काढलीय, आणि राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाचं आश्वासन घेऊन स्टुपॅक राजी झालेत. रिपब्लिकन स्टुपॅक यांचीच जुनी दुरुस्ती त्यांच्यासमोर आणतात. ते विरोधात बोलायला उठतात, तोच समोरच्या बाकांवरून आरोळी येते, ‘बालहत्यारा!’

दोन दिवसांनी मूळ कायद्यावर सही होते ती कॅमेऱ्यांच्या लखलखाटात, २२ पेनांनी. २४ तारखेला त्या आदेशावर मात्र पत्रकारांना बाहेर ठेवून.

आणि ती सिनेटची पळवाट? कलम १३०३. ऐच्छिक गर्भपाताचा खर्च देणाऱ्या, अनुदानित पॉलिसीचा हप्ता दोन भागांत घ्यायचा. गर्भपाताचा वाटा वेगळ्या खात्यात, सरकारी पैशाला शिवू न देता, अगदी सोवळ्यात. माणशी महिन्याला किमान एक डॉलर.